साकवावरून सात किलोमीटर

शरच्चंद्र टिपणीस यांनी आयुष्यात कोणतेही काम आराखड्यावाचून केले नव्हते; त्यामुळे नातीच्या लग्नाची अक्षत द्यायला जाण्याचे कामही आधी कागदावर उतरणे क्रमप्राप्त होते. कर्जतच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी पांढरा कागद चिकटपट्टीने ताणून बसवला, गुण्या ठेवून उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि वर ठसठशीत अक्षरांत मथळे घातले : नाव, अंतर, पोहोचण्याची वेळ, बसण्याची वेळ, अक्षता.

“हा शेवटचा रकाना कसला?” द्वारकाबाईंनी चष्मा वर सरकवत विचारले.

“दर माणशी एक चिमूट. गावातली घरं झाली, लांबची तीन राहिली. तीन घरांत मिळून पंधरा माणसं, म्हणजे पंधरा चिमटी. सांडलवंड धरून दोन जास्त.”

“अहो, अक्षता म्हणजे काय वंगणाचं तेल आहे, मापून सोडायला?”

शरच्चंद्रांनी शेवटच्या रकान्याखाली सतरा लिहिले. सन सत्तर साली तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन बाहेर पडल्यावर त्यांनी छत्तीस वर्षे खोपोलीच्या एका कागद कारखान्यात यंत्रांची देखभाल केली होती. यंत्र बंद पडल्यावर धावणारे पुष्कळ असतात. ते बंदच पडू नये म्हणून आधी धावणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. त्या ख्यातीचा घरात फारसा उपयोग होत नाही, हे त्यांना लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच कळले होते.

“आणि तिसरं नाव?” द्वारकाबाईंनी कागदावर बोट ठेवले. “दत्ताभावजी हो म्हणतील?”

पेन्सिलीचे टोक मोडले नाही, पण थांबले मात्र.

दत्ता ठोंबरे हा शरच्चंद्रांचा वसतिगृहातला खोलीमित्र. भिंतीवरच्या फोटोत एका सायकलीभोवती उभे असलेले चौघे होते. त्यांतले दोघे गेले, राहिले हे दोघे, आणि ह्या दोघांत चौदा वर्षे बोलणे नव्हते. धाकट्या मुलीच्या, ईशानीच्या लग्नाच्या वेळी शरच्चंद्रांनी असाच कागद ताणला होता. घरे एकशे दहा, दिवस सहा. दत्ताचे गाव पाताळगंगेच्या बाजूला, खालापूरच्या फाट्यापासून मोठ्या पुलाचा वळसा घेऊन एकोणीस किलोमीटर आत. एका घरासाठी जाऊन-येऊन अडतीस. शरच्चंद्रांनी त्या नावापुढे ‘टपालाने’ असे लिहिले आणि पत्रिका पाकिटात घालून रवाना केली. दत्ता लग्नाला आला नाही. फोन उचलला नाही. निरोप धाडले तर निरोप्याला चहा मिळे, उत्तर मिळत नसे.

आता थोरला मुलगा अनुपम ह्याची मुलगी श्रिया, हिचे लग्न होते. शरच्चंद्रांना पंच्याहत्तरावे लागले होते. ह्या वयात ‘पुढच्या कार्याला बोलावू’ असे धरून चालता येत नाही. दत्ता ह्या लग्नाला आला पाहिजे. नाही आला, तर मग राहिलेच.

“म्हणेल,” ते म्हणाले, आणि त्या नावापुढच्या बसण्याच्या वेळेच्या रकान्यात पहिल्यांदाच काही न लिहिता त्यांनी कागदाची घडी घातली.

डिसेंबरचा दुसरा रविवार. साडेसातला गाडी निघायची होती, ती सात एकतीसला निघाली. एक मिनिट द्वारकाबाईंच्या गजऱ्याचे. पहिला मुक्काम नेरळ. धाकट्या भावाचा मुलगा निलेश तिथे नव्या इमारतीत बाराव्या मजल्यावर राहत होता. बसण्याची वेळ पंचवीस मिनिटे.

दार उघडले, वाकून नमस्कार झाले, निलेशच्या बायकोने पोहे आणले. द्वारकाबाईंनी कुंकू लावून अक्षत हातावर ठेवली. इथवर सारे कागदाप्रमाणे होते. पण निघताना समोरचे दार उघडेच होते आणि दारात एक आजी कौतुकाने उभ्या होत्या.

“लग्न आहे वाटतं?” त्यांनी विचारले.

“हो ना, नातीचं!” असे म्हणत द्वारकाबाई अक्षतांची डबी घेऊन त्या घरात शिरल्यासुद्धा. तिथून त्या बाहेर आल्या त्या ओटीत नारळ घेऊन. तोवर तिसरे दार उघडले होते.

लिफ्टमध्ये शरच्चंद्र शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, “आपण त्यांना ओळखत नाही.”

“आता ओळखतो की! एका दाराला अक्षत द्यायची आणि समोरच्या दाराकडे पाठ फिरवायची, हे कुठल्या पुस्तकात शिकवतात हो?”

“बसण्याची वेळ पंचवीस मिनिटं होती. सत्तावन्न झाली. आणि चिमटी सात गेल्या.”

“काका,” खाली सोडायला आलेला निलेश हसत म्हणाला, “तुम्ही कागद ठेवा बाजूला. फोनवर नकाशा लावून देतो, बाई बोलून रस्ता सांगते.”

“माझ्याकडे एक बाई आहे बोलणारी,” शरच्चंद्र म्हणाले. निलेशने तरीही फोन समोर अडकवून दिला. त्या दिवशी गाडीत दोघी बोलत राहिल्या, आणि दोघींचे एकमत क्वचितच झाले.

परत कर्जतवरून पुढे पळसदरीच्या अंगाने गाडी डोंगराकडे वळली. भात निघून गेले होते. खाचरांतून वालाचे वेल हिरवे झाले होते आणि पेंढ्याच्या उडव्यांवर बगळे बसले होते. ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला डांबर संपते, तिथे गाडी लावून दोघे पायवाटेने धाऊच्या पाड्यावर चढले. वर घाटात मालगाडी इतक्या सावकाश चढत होती, की शरच्चंद्रांनी सवयीने तिचे डबे मोजले.

धाऊ वीस वर्षे कारखान्याच्या बॉयलरवर त्यांच्या हाताखाली होता. आता पाड्यावरच राहायचा. नाचणी, भात, रानातला मध असे त्याचे चालले होते. सारवलेल्या अंगणात त्याने घोंगडी अंथरली आणि त्याची बायको जना पितळेच्या तांब्यातून पाणी घेऊन आली.

“सायेब, तुमी आलात!” धाऊ म्हणाला. “फोन केला असता तर पोरगा आला असता की सांगावा घ्यायला.”

“अक्षत फोनवर देत नाहीत, धाऊ.” हे वाक्य बोलताना शरच्चंद्रांचे कान किंचित तापले.

द्वारकाबाईंनी जनाच्या हातावर अक्षत ठेवली, धाऊच्या हातावर ठेवली. धाऊने मूठ मिटली आणि मान वळवून कुंपणाकडे पाहिले. कुंपणापलीकडे आठ-दहा जण उभे होते. काही बायका, दोन म्हातारे, कडेवरची पोरे.

“आता ह्याचं काय करायचं, सायेब? मी एकला लग्नाला गेलो, तर परत आल्यावर हा पाडा मला जगू द्यायचा नाय.”

“जनाबाई, बोलवा गं सगळ्यांना,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“द्वारका,” शरच्चंद्र पुटपुटले, “सांडलवंड धरून दोनच जास्त आहेत.”

“मग चिमूट लहान करते.”

चिमूट लहान होत गेली, माणसे वाढत गेली. शेवटच्या म्हाताऱ्याच्या तळहातावर डबी उपडी करून तिच्या बुडावर दोनदा टिचकी मारावी लागली. तीन दाणे पडले. म्हाताऱ्याने ते कपाळाला लावले.

“दशरथचा टेंपो हाय,” धाऊने आपल्या मुलाचे नाव घेऊन जाहीर केले. “समदे टेंपोत येतो. जेवायला किती, ते आत्ताच लिवून ठेवा कागदावर, मागनं बोलू नका!”

जनाने नव्या तांदळाची पिशवी आणि दोन दुधी भोपळे बांधून दिले. नको म्हणण्याची सोय नव्हती. पिशवी उचलून गाडीपर्यंत पोहोचवायला आलेल्या धाऊने विचारले, “आता कुणाकडं?”

“दत्ताकडे.”

“दत्ता सायेब!” धाऊचा चेहरा उजळला. “मग साकवावरनं जावा. तुमच्या.”

“माझ्या?”

“म्हंजे काय? तुमी इसारलात? कारखान्यात लागायच्या आदी दगडं कुणी वाहिली तिथं? मीच ना! तुमी कागद धरून हुबे, दत्ता सायेब पाण्यात हुबे, नि मी दगडाखाली. सा महिने.” तो स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्याने हसला. “अजून हाय तो. मोठ्या पुलाला कशाला जाता वळसा घालून?”

गाडी सुरू झाली. खोपोली मागे पडली, खालापूरचा फाटा आला. फाट्यावर त्यांनी सवयीने गाडीचा अंतराचा काटा शून्यावर आणला. फोनमधली बाई मोठ्या पुलाकडे सरळ जायला सांगत होती.

ओढ्यावरचा तो लहान पूल, साकव, त्यांना आठवत नव्हता असे नाही. चौऱ्याहत्तर साली दत्ताच्या गावचा ओढा पावसात चार महिने जवळची वाट अडवत असे आणि मोठ्या पुलाचा वळसा घ्यावा लागे. दोघांना पदविका घेऊन चारच वर्षे झालेली, अंगात विद्या आणि रग. भंगारातून चार रूळ मिळवले, दोन बाजूंना दगडी पाये चढवले. आरेखन शरच्चंद्रांचे, बांधणी दत्ताची. पुढे संसार, मुले, मोठ्या पुलावरून डांबरी रस्ता. साकव मनातून गेला नव्हता. नकाशातून मात्र गेला होता. चौदा वर्षांपूर्वी दत्ताच्या नावापुढे एकोणीस लिहिताना त्यांना त्याची आठवण झालीच नव्हती.

“डबी रिकामी आहे,” द्वारकाबाई हळूच म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“दत्ताभावजींच्या दारात रिकाम्या हातांनी?”

“कागदाप्रमाणे गेलं असतं तर सात चिमटी उरल्या असत्या.”

“आणि पाडा उपाशी राहिला असता.” त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. मग म्हणाल्या, “ओरडा, वाटलं तर. मी काही बोलणार नाही.”

ते ओरडले नाहीत. त्यांनी गाडी डावीकडे, मातीच्या रस्त्यावर घातली. फोनमधली बाई वळा वळा म्हणून बजावू लागली, तेव्हा द्वारकाबाईंनी तिला पदराखाली घातले.

ओढ्यावर साकव होता. शरच्चंद्र उतरले. पाये जिथल्या तिथे. लाकडी फळ्या जाऊन वर काँक्रीट आले होते, पण खाली तेच चार रूळ, आणि त्यांवर गेरूसारखा तांबडा रंग, अगदी नवा. त्यांनी खाली उतरून छत्रीच्या टोकाने रूळ टोकरून पाहिला. मग सरळ होताना त्यांची नजर कठड्यावरच्या पत्र्याच्या पाटीवर गेली. पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते :

भार मर्यादा दीड टन
आरेखन – श. वि. टिपणीस
बांधणी – द. म. ठोंबरे
१९७४

पाटी पन्नास वर्षांची होती. अक्षरांवरचा रंग गेल्या दिवाळीचा. शरच्चंद्रांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. त्यांच्या नावावर कुठेही पोपडा धरला नव्हता.

“काय म्हणतोय साकव?” वरून द्वारकाबाईंनी विचारले.

ते म्हणाले, “गाडी आठशे सत्तर किलो. मी बहात्तर. नारळ, तांदूळ, दुधी मिळून पंधरा. आणि तू...”

“तो आकडा मोठ्याने बोलायचा नाही.”

“उतरून चालत येतेस का?”

“तुमच्या आरेखनावर तुमचा भरवसा नाही का?”

त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी साकवावर घातली. खालून रुळांचा एकच घुमट आवाज आला, आणि मग पलीकडची माती लागली. काटा बघायचे त्यांनी ठरवले नव्हते, पण दत्ताच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा डोळे आपोआप गेले. सात पूर्णांक एक.

दत्ता ओटीवर बसून पाण्याच्या पंपाचा पंखा कानशीने घासत होता. केस पांढरे, दंड अजून गोळीबंद. त्याने वर पाहिले नाही.

“कोण आलंय, भाविका?” त्याने आत सुनेला विचारले. “टपालवाला हाय का?”

“दत्ता, मी आलोय,” शरच्चंद्र म्हणाले. “श्रियाचं लग्न आहे. अनुपमची मुलगी. तू यायला हवंस.”

“पत्रिका ठेव. वाचीन सवडीनं. वैनी, तुमी बसा. भाविका, वैनींना सरबत दे गं.” कानशीचा एक फराटा झाला. “अक्षत आणलीस?”

द्वारकाबाईंनी मान खाली घातली. शरच्चंद्रांनी रिकामी डबी उघडून समोर धरली. कारण जे आहे ते दाखवावे, एवढीच रीत त्यांना ठाऊक होती.

“संपल्या.”

“मोजून आणल्या असशील.”

“सतरा चिमटी.”

कानस थांबली. दत्ताच्या मिशीला काहीतरी झाले, पण त्याने ते आवरले. उठून तो आत गेला आणि पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात घडी पडून पिवळा झालेला जाड कागद होता. त्याने तो ओटीवर पसरला.

शरच्चंद्रांनी स्वतःचे अक्षर ओळखले. नाव, अंतर, वेळ. अठ्ठाविसाव्या ओळीत : द. ठोंबरे. १९ + १९. घर एक. परवडत नाही. टपालाने.

“हा तुझ्याकडे कसा?”

“पत्रिकेबरोबर आला. पाकिटात.”

मग त्यांना उमगले. पत्रिका वाटेत दुमडू नये म्हणून प्रत्येक पाकिटात एक जाड कागद घालायची त्यांची पद्धत होती, आणि जाड कागद वाया जाऊ नये म्हणून झालेल्या कामाचे कागद कापून वापरायचीही. एकशे दहा घरांतून हा तुकडा नेमका ह्या एकाच घरी आला होता. द्वारकाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की काय, हे कळायला मार्ग नव्हता.

“तू आला नायस, त्याचा राग नव्हता मला,” दत्ता म्हणाला. “पोरीचं लगीन, माणसाची धावपळ असते. परवडत नाय लिवलंस, तेबी चालंल. पण हे काय हाय?” त्याने एकोणीसच्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने काढलेल्या गोलावर बोट आपटले. बाजूला लाल अक्षरांतच सात लिहिले होते. “सा महिने पाण्यात उभं राहून आपण बारा किलोमीटर वाचवले, शऱ्या. आनि तू एका रेघेत परत घातलेस.”

शरच्चंद्र कागदाकडे बघत राहिले. परीक्षेत दुरुस्त होऊन आलेली उत्तरपत्रिका पहिल्यांदाच हाती पडावी, तसे.

“साकव विसरलो मी,” ते म्हणाले. “सबब नाही काही. विसरलो.”

खाली कोंबडी पेंढा उकरत होती.

“आज कुठनं आलास?”

“साकवावरून.”

“दिसलं. छत्रीनं टोकरत होतास.”

“रुळांची झीज बघत होतो.”

“झीज! दर दिवाळीला रंग देतो मी. झीज बघतोय!” दत्ता भडकला, पण हा भडका जुना, वसतिगृहातल्या खोलीतला होता. “किती भरलं?”

“सात पूर्णांक एक.”

“सातच हाय. तुझ्या गाडीचा काटा चुकतो.”

“गाडीचा काटा मी गेल्या महिन्यात—”

“अहो!” द्वारकाबाई म्हणाल्या.

“सातच असेल,” शरच्चंद्र म्हणाले.

दत्ताने सुनेला हाक मारली. “भाविका, नवे तांदूळ आण गं वाटीभर. नि कुंकू. वैनी, तुमी कालवा.” मग त्याने शरच्चंद्रांना अंगणाकडे बोट दाखवले. “नि तू खाली उतर. पायरीवर हुबा राहा नि पयल्यापासनं सुरू कर. चौदा वर्षं थांबलोय मी, अर्धवट नाय घ्यायचो.”

शरच्चंद्र टिपणीस पंच्याहत्तराव्या वर्षी अंगणात उतरले, चपला काढून पुन्हा पायरी चढले आणि ज्या घरचे तांदूळ त्याच घरच्या यजमानाला म्हणाले, “दत्ता, आमच्या श्रियाचं लग्न आहे. घरचं कार्य समजून आदल्या दिवसापासून यायचं.” वाटीत हात घातला तेव्हा त्यांना चिमटीची आठवण झाली नाही. दत्ताची ओंजळ भरून काही अक्षता ओटीवर सांडल्या.

“सांडलवंड,” द्वारकाबाई म्हणाल्या.

जेवण झाले, वालाच्या आमटीवर दोघांत यंत्रांच्या चार जुन्या तक्रारी निघाल्या. निघताना शरच्चंद्रांनी विचारले, “तो कागद देतोस परत?”

“नाय.”

“कशाला ठेवायचाय?”

“आदल्या दिवशी मला न्यायला तू येणार. साकवावरनं. नाय आलास, तर लागंल मला.” दत्ताने घडी खिशात घातली. “लगीन झाल्यावर बघू.”

दत्ता साकवापर्यंत चालत आला. गाडी काठाशी येताच तो पुढे जाऊन साकवावर उभा राहिला आणि गाडीकडे तोंड करून मागे मागे सरकत दोन्ही हातांनी खुणा करू लागला. कारखान्यात यारी, म्हणजे क्रेन, चालवणाऱ्याला करतात, तशा : डावीकडे, अजून थोडं, बस, सरळ.

“मघाशी तर आपले आपण आलो,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“गप्प बस,” शरच्चंद्र म्हणाले, “तो सांगतोय तसंच घ्यायचंय,” आणि दत्ताच्या तळहातावर नजर ठेवून त्यांनी चाक बोटभर डावीकडे वळवले.